दृष्टिबाधित कर्मचाऱ्यासाठी कार्यालयातील संगणक कामाजोगा कसा करावा

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांच्या संस्थेत वाढलेल्या माला पापळकर यांनी २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण केली. विदर्भातल्या दृष्टिबाधित मुलामुलींना बळ देणारी ती बातमी होती. परीक्षा झाली, नेमणूक मिळाली, की पुढचा प्रश्न टेबलावरच्या संगणकाचा असतो आणि त्याची तयारी आपल्याकडे क्वचितच कोणी आधी करून ठेवते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३४ नुसार शासकीय आस्थापनांत किमान चार टक्के पदे राखीव आहेत आणि त्यांपैकी एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. त्यामुळे पंचायत समिती असो, आश्रमशाळेचे कार्यालय असो की तालुक्याच्या ठिकाणची पतसंस्था, असा सहकारी आपल्याकडे येऊ शकतो हे धरूनच कार्यालयाने चालले पाहिजे.

यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांतल्या छोट्या कार्यालयांत दृष्टिबाधित कर्मचाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांचे संगणकाचे काम मार्गी लावून देताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. कर्मचारी शिकलेला असतो, त्याचा हातही वेगाने चालतो, पण ज्या सॉफ्टवेअरवर त्याने काम करायचे ते त्याला वापरता येईल का, हे तो रुजू होईपर्यंत कोणी तपासलेले नसते. मग त्याला टपाल नोंदवायला किंवा फोन घ्यायला बसवतात आणि हळूहळू ते तात्पुरते काम कायमचे होऊन जाते. ही तपासणी आधी कशी करावी, संगणक कसा लावावा आणि सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला तर तो कोणाला कसा कळवावा, हे येथे सांगितले आहे. कार्यालयप्रमुख, संगणक चालक आणि स्वतः दृष्टिबाधित कर्मचारी या तिघांसाठी हे लिहिले आहे.

पडदा ऐकून काम कसे चालते

पूर्ण अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडरच्या मदतीने. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते आणि कळफलकाच्या प्रत्येक हालचालीसोबत आपण कुठे आहोत ते सांगते. मात्र ते पडद्याकडे माणसासारखे पाहत नाही. प्रत्येक रकान्याचे नाव काय, तो लिहिण्याचा रकाना आहे की बटण की यादी, आणि त्यात सध्या काय भरलेले आहे, ही माहिती मूळ सॉफ्टवेअरने पुरवलेली असेल तरच स्क्रीन रीडर ती बोलू शकतो.

बाजार समितीतील आवक नोंदीचा फॉर्म घ्या. तो नीट बनवलेला असेल तर टॅब दाबत गेल्यावर ‘शेतकऱ्याचे नाव, लिहिण्याचा रकाना, रिकामा’, ‘शेतमाल, यादी, सोयाबीन’, ‘वजन क्विंटलमध्ये, लिहिण्याचा रकाना’, ‘जतन करा, बटण’ अशा अर्थाचे बोल कानावर पडतात आणि काम सुरळीत होते. तोच फॉर्म निष्काळजीपणे बनवलेला असेल तर ‘रकाना, रिकामा’, ‘रकाना, रिकामा’, ‘बटण’, ‘बटण’ एवढेच ऐकू येते. पडद्यावर रकान्यांच्या शेजारी नावे ठळक दिसत असतात, पण ती नावे रकान्याशी जोडलेली नसतात. कोणते बटण जतन करते आणि कोणते सगळे पुसून टाकते हे कळायला मार्ग उरत नाही. कर्मचाऱ्याचे घोडे अडते ते इथे, आणि हा दोष सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने बहुधा थोड्याच ओळींत दुरुस्त करता येण्यासारखा असतो.

संगणक लावताना

पहिली अडचण अगदी साधी असते. सरकारी कार्यालयांतल्या कित्येक जुन्या संगणकांना स्पीकर नसतो, किंवा आवाजाचा ड्रायव्हरच (आवाज चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) बसवलेला नसतो. म्हणून कर्मचारी येण्यापूर्वी हेडफोन लावून आवाज येतो का ते पाहावे. हेडफोन एका कानाचा किंवा बाहेरचे बोलणे ऐकू येईल असा असावा, कारण समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे किंवा पालकाचे बोलणेही त्याच वेळी ऐकायचे असते. दुसरे म्हणजे सॉफ्टवेअर बसवण्यासाठी लागणारा प्रशासक पासवर्ड कोणाकडे आहे ते आधी शोधून ठेवावे. तो जिल्ह्याच्या ठिकाणी कोणाकडे असेल तर आठ-पंधरा दिवस सहज निघून जातात.

स्क्रीन रीडर म्हणून एनव्हीडीए घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मायकल करन आणि जेम्स टेह या दोघा दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले. तो विनामूल्य आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे, त्यामुळे खरेदीची मंजुरी, निविदा, परवाना यांपैकी कशासाठीही थांबावे लागत नाही. जॉज हा दुसरा प्रसिद्ध स्क्रीन रीडर पैसे देऊन घ्यावा लागतो. तो उत्तम आहे आणि एखाद्या कर्मचाऱ्याला त्याचीच सवय असेल तर कार्यालयाने तो घेऊन द्यावा. विंडोजमध्ये आधीपासून असलेला नॅरेटर विंडोज की, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबल्यावर सुरू होतो. एनव्हीडीए बसवेपर्यंत तेवढ्यावर वेळ निभावता येते.

एनव्हीडीएची फाईल एकदा उतरवून पेनड्राइव्हवर ठेवली की इंटरनेट नसलेल्या गावीही ती बसवता येते. न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी प्रतही तयार करता येते आणि दुसऱ्याच्या संगणकावर तासभर काम करायचे असेल तेव्हा ती उपयोगी पडते. विंडोज ७ असलेल्या जुन्या संगणकावर २०२३.३ या मालिकेतील आवृत्ती चालते, त्यानंतरच्या आवृत्त्या चालत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. बसवल्यानंतर कंट्रोल, आल्ट आणि एन दाबले की तो सुरू होतो. त्याच्या आज्ञा इन्सर्ट की धरून दिल्या जातात; तिलाच पुढे एनव्हीडीए की म्हटले आहे. लहान लॅपटॉपवर इन्सर्ट की गैरसोयीच्या जागी असते, म्हणून सेटिंगमध्ये कॅप्स लॉकला तेच काम नेमून द्यावे.

आवाज निवडताना एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या ईस्पीक या वाचकात मराठीचा पर्याय आहे. त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यांत्रिक आणि कोरडा वाटतो, पण वेग वाढवला तरी अक्षरे स्वच्छ कळतात आणि दिवसभर काम करणाऱ्याला तेच हवे असते. वेग किती असावा हे कर्मचाऱ्यानेच ठरवावे. सरावलेली व्यक्ती इतक्या वेगाने ऐकते की शेजारच्याला एक शब्दही कळत नाही, आणि म्हणून ‘जरा हळू लावा’ अशी सूचना सहकाऱ्यांनी करू नये.

अल्पदृष्टी असलेल्या कर्मचाऱ्याची गरज वेगळी असते. त्याला विंडोज की आणि अधिकचे चिन्ह दाबून भिंग सुरू करता येते आणि विंडोज की व एस्केप दाबून बंद करता येते. काहींना काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी किंवा पांढरी अक्षरे हवी असतात; डावा आल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबल्यावर तशी रंगसंगती लागते. मोठा मॉनिटर आणि तो पुढे-मागे घेता येईल असा स्टँड यावर थोडा खर्च करावा, आणि खिडकीचा उजेड थेट पडद्यावर पडणार नाही अशी टेबलाची जागा ठरवावी. उन्हाळ्यात आपल्याकडे खिडकीतून येणारी तिरीप काय असते ते सांगायला नको. अल्पदृष्टी असलेल्या माणसाला त्या प्रकाशात अक्षरे जवळजवळ दिसेनाशी होतात.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा

ग्रामीण कार्यालयांतल्या संगणकांवर सगळ्यांत मोठी आडकाठी कोणती असेल तर ती जुन्या फॉन्टची आहे. कृतिदेव, शिवाजी, सुरेख अशा फॉन्टमध्ये वर्षानुवर्षे टंकलेखन झाले आणि आजही काही टेबलांवर होते. या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी अक्षर दिसते, पण फाईलच्या आत साठवलेले असते रोमन अक्षर. कृतिदेवमध्ये ‘काम’ हा शब्द टंकला तर फाईलमध्ये डी, के, ई ही तीन रोमन अक्षरे जमा होतात आणि त्यांना केवळ मराठी रूप चढवलेले असते. स्क्रीन रीडर रूप पाहत नाही, तो साठवलेले अक्षर वाचतो, आणि मग ग्रामसभेचे अख्खे इतिवृत्त त्याच्या तोंडून निरर्थक रोमन अक्षरांची माळ होऊन बाहेर पडते. शोधून काढावे म्हटले तर ‘सोयाबीन’ हा शब्द त्या फाईलमध्ये सापडतही नाही. डोळस माणसांनाही हा त्रास आहेच, फक्त त्यांना तो दुसऱ्या संगणकावर फाईल उघडल्यावर जाणवतो.

म्हणून कार्यालयाने दोन कामे करावीत. आजपासून तयार होणारे प्रत्येक पत्र, यादी आणि इतिवृत्त युनिकोडमध्येच, म्हणजे मराठी अक्षर फाईलच्या आतही मराठी अक्षर म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टंकावे, मग ते कोणी का टंकेना. दृष्टिबाधित कर्मचाऱ्याने युनिकोडमध्ये टंकायचे आणि बाकीच्यांनी जुन्या फॉन्टमध्ये, असे केले तर त्याला सहकाऱ्यांची एकही फाईल वाचता येणार नाही. दुसरे काम जुन्या फाईलींचे आहे. त्या रूपांतर करणाऱ्या साधनांतून युनिकोडमध्ये आणता येतात, पण रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार यांत चुका राहतात, आणि मजकुरात मधेच इंग्रजी शब्द किंवा खाते क्रमांक असेल तर त्याचीही मोडतोड होऊ शकते. शेतकऱ्यांची नावे, गट क्रमांक, रकमा असलेली फाईल रूपांतरित केल्यावर मूळ प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहिल्याशिवाय वापरात आणू नये. सगळे दप्तर एकदम बदलण्याचा अट्टहास नको. ज्या फाईली चालू कामात लागतात त्या आधी घ्याव्यात.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा, असे मी आग्रहाने सांगतो. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणारी साधने सोपी वाटतात, पण त्यांत पुष्कळदा सुचवलेल्या शब्दांच्या यादीतून योग्य शब्द निवडावा लागतो आणि ती यादी ऐकत बसण्यात वेळ जातो. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आणि प्रत्येक अक्षराची कळ ठरलेली असते. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे बोटांना लागले की हात आपोआप जागेवर येतात. विंडोज की आणि स्पेस दाबून मराठी व इंग्रजी कळफलक बदलतो. एनव्हीडीए की आणि दोन हा आकडा दाबल्यावर टंकलेले प्रत्येक अक्षर बोलले जाते, तर एनव्हीडीए की आणि तीन दाबल्यावर पूर्ण शब्द. शिकताना दोन्ही चालू ठेवावेत, सराव झाल्यावर अक्षरे बंद करावीत.

सॉफ्टवेअरची तपासणी

ही तपासणी डोळस माणसालाही करता येते आणि तिच्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आधी माऊस काढून बाजूला ठेवावा. लॉगिनपासून सुरुवात करून रोजचे एक पूर्ण काम, उदाहरणार्थ कर वसुलीची पावती किंवा विद्यार्थ्याचा प्रवेश, फक्त कळफलकावर शेवटपर्यंत नेऊन पाहावे. टॅबने पुढे जावे, शिफ्ट आणि टॅबने मागे यावे, एंटर किंवा स्पेसने बटण दाबावे, बाणांनी यादीतून निवड करावी. एखाद्या बटणापर्यंत टॅबने पोहोचताच येत नसेल, एखाद्या चौकटीत शिरल्यावर बाहेर पडता येत नसेल, किंवा टॅबचा क्रम नावावरून एकदम शेवटच्या बटणावर आणि तिथून पुन्हा मधल्या रकान्यावर असा उड्या मारत असेल, तर ते लिहून ठेवावे. जे काम माऊसशिवाय होत नाही ते स्क्रीन रीडरवर होण्याची शक्यता फार कमी असते, त्यामुळे निम्मे दोष इथेच सापडतात.

नंतर एनव्हीडीए सुरू करून मॉनिटर बंद करावा आणि तेच काम पुन्हा करावे. पडदा दिसत असला की डोळे नकळत मदत करतात आणि तपासणी फसते, म्हणून मॉनिटर खरोखर बंद करणे आवश्यक आहे. ब्राउझरमध्ये चालणारे पोर्टल असेल तर एच दाबून शीर्षकांवर, एफ दाबून फॉर्मच्या रकान्यांवर, बी दाबून बटणांवर आणि टी दाबून तक्त्यांवर उडी घेता येते का ते पाहावे; एनव्हीडीए की आणि एफ-सात दाबले की पानावरील दुवे, शीर्षके व बटणे यांची यादी उघडते. त्या यादीत नावाऐवजी नुसते ‘बटण’ किंवा चित्राच्या फाईलचे लांबलचक नाव ऐकू आले, तर दोष नक्की समजावा. रकान्यात लिहिताना ही एकाक्षरी उडी आपोआप थांबते. ती थांबली नाही तर एनव्हीडीए की आणि स्पेस दाबून हाताने बदल करावा. नवशिक्याची गफलत बहुतेक वेळा इथेच होते, सॉफ्टवेअर बिघडलेले नसते.

काही जागा मुद्दाम तपासाव्यात. चुकीची माहिती भरून जतन करावे आणि चूक झाल्याचा संदेश बोलला जातो का ते ऐकावे. पुष्कळ पोर्टलांवर चुकलेला रकाना फक्त लाल होतो आणि स्क्रीन रीडर गप्प राहतो. तारीख दिनदर्शिकेतूनच निवडावी लागते की टंकताही येते, हे पाहावे. लॉगिनच्या चित्रातील अक्षरे ओळखण्याच्या चाचणीला ऐकण्याचा पर्याय आहे का, आणि तो नेटवर्क कमी असतानाही चालतो का, हे पाहावे. ओटीपी मोबाईलवर ऐकून संगणकावर टंकेपर्यंत मुदत संपते का, याचीही नोंद घ्यावी. तक्त्यात कंट्रोल, आल्ट आणि बाण दाबून फिरताना स्तंभाचे शीर्षक बोलले जात नसेल, तर ‘चार हजार दोनशे’ हा आकडा भावाचा आहे की रकमेचा ते ऐकणाऱ्याला समजत नाही, आणि पैशाच्या व्यवहारात हा दोष गंभीर मानावा. अल्पदृष्टी असलेल्यांसाठी अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा फरकही पाहावा. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या जागतिक निकषांत साध्या अक्षरांसाठी हे प्रमाण किमान साडेचारास एक असावे असे सांगितले आहे. फिकट राखाडी अक्षरे त्यात बसत नाहीत.

हजेरीच्या यंत्रालाही या तपासणीतून वगळू नये. चेहरा ओळखणारे काही ॲप चेहरा चौकटीत आणायला किंवा डोळे मिचकवायला सांगतात. पूर्ण अंध कर्मचाऱ्याला चौकट दिसत नाही, आणि ज्यांच्या डोळ्यांना इजा झाली आहे त्यांना मिचकवता येत नाही. अशा वेळी बोटाच्या ठशाचा किंवा नोंदवहीचा पर्याय लेखी मंजूर करून ठेवावा, म्हणजे पगाराच्या वेळी गैरहजेरीचा वाद उद्भवत नाही.

एक्सेलमधील हिशेबपट्टी

आपल्याकडे बरेच काम अजून एक्सेलमध्ये चालते आणि दृष्टिबाधित कर्मचाऱ्यासाठी ती आनंदाची गोष्ट आहे, कारण एक्सेल एनव्हीडीएसोबत चांगले चालते. अडचण येते ती फाईल सजवण्याच्या आपल्या सवयीमुळे. वर चार ओळी एकत्र करून संस्थेचे नाव मोठे लिहायचे, मधे रिकामे स्तंभ सोडायचे, प्रत्येक व्यापाऱ्याच्या नावाखाली पुन्हा शीर्षके द्यायची, आणि उधारी फक्त पिवळ्या रंगाने दाखवायची, अशी हिशेबपट्टी कागदावर देखणी दिसते पण कानाला काहीच सांगत नाही.

त्याऐवजी पहिल्या ओळीत फक्त शीर्षके ठेवावीत: दिनांक, शेतकऱ्याचे नाव, गाव, शेतमाल, पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई, देय रक्कम, उधारी. एका ओळीत एकच व्यवहार असावा, खाने (सेल) एकत्र जोडू नयेत आणि जे रंगाने सांगायचे ते ‘बाकी’ किंवा ‘चुकते’ असे शब्दांत लिहावे. मग शीर्षकांच्या ओळीतील पहिल्या खान्यावर जाऊन एनव्हीडीए की, शिफ्ट आणि सी दाबले की पुढे कोणत्याही खान्यात गेल्यावर स्तंभाचे नाव आधी आणि मजकूर नंतर बोलला जातो. ‘हमाली’ ऐकू आले आणि मागोमाग आकडा आला की शंकेला जागा उरत नाही. कंट्रोल आणि अर्धविराम चिन्हाची कळ दाबल्यावर आजची तारीख पडते, आल्ट आणि बरोबरचे चिन्ह दाबल्यावर बेरजेचे सूत्र येते, एफ-दोन दाबल्यावर खान्यातील मजकूर दुरुस्त करता येतो. छापील प्रत देखणी हवी असेल तर ती वेगळ्या शीटवर सूत्रांनी तयार करावी. नोंदीची शीट साधी राहू द्यावी.

पत्रे, परिपत्रके आणि व्हॉट्सॲपचे फोटो

वरिष्ठ कार्यालयाचे पत्र छापायचे, सही-शिक्का करायचा, मोबाईलने फोटो काढायचा आणि गटावर टाकायचा, ही पद्धत आता सगळीकडे रुळली आहे. दृष्टिबाधित कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तो फोटो कोरा कागद असतो. उपाय पाठवणाऱ्याच्या हातात आहे: सहीच्या प्रतीसोबत मूळ वर्ड फाईल किंवा वर्डमधून थेट जतन केलेली पीडीएफ जोडावी. एवढे केले तर बाकी काही करावे लागत नाही. कार्यालयप्रमुखाने तसे एका ओळीचे लेखी निर्देश द्यावेत, म्हणजे प्रत्येक वेळी विनंती करण्याची पाळी त्या एका कर्मचाऱ्यावर येणार नाही.

जिथे फोटोच मिळतो तिथे तो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडावा. त्यातील छापील मराठी मजकूर ओळखला जाऊन वाचता येण्याजोगा होतो. वाकडा काढलेला फोटो, सावली, अक्षरांवर पडलेला शिक्का आणि हस्ताक्षर यांवर मात्र हा उपाय तोकडा पडतो. रक्कम, दिनांक आणि जावक क्रमांक अशा मजकुरातून कधीही परस्पर उचलू नयेत, सहकाऱ्याकडून वाचून खात्री करून घ्यावी. आधार, बँक खाते किंवा वैद्यकीय माहिती असलेली कागदपत्रेही अशा सेवांवर चढवू नयेत.

पासवर्ड स्वतःचाच

सॉफ्टवेअर वापरता येत नाही म्हणून दृष्टिबाधित कर्मचाऱ्याचे लॉगिन आणि पासवर्ड शेजारच्याकडे देण्याची पद्धत ठिकठिकाणी दिसते, आणि मला ती सर्वांत धोकादायक वाटते. त्याच्या नावाने झालेल्या प्रत्येक नोंदीची जबाबदारी त्याच्यावर येते, मग ती कोणीही केलेली असो. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि त्याचा पिन तर कोणाच्याही हाती देऊ नये. एखादी पायरी मदतीशिवाय होतच नसेल तर सहकाऱ्याने शेजारी बसून पडदा वाचून दाखवावा, कळ कर्मचाऱ्यानेच दाबावी, आणि कोणती पायरी कोणत्या कारणाने अडली याची नोंद ठेवावी. हीच नोंद पुढे तक्रारीच्या कामी येते.

दोष कळवताना

‘तुमचे सॉफ्टवेअर अंधांना चालत नाही’ एवढेच लिहिले तर पुरवठादाराला काय दुरुस्त करायचे ते समजत नाही आणि पत्र पडून राहते. दोष बोट ठेवून दाखवावा. साधारण असा मजकूर लिहावा: ‘मालमत्ता कर पावतीच्या पानावर रक्कम भरल्यानंतर टॅब दाबला असता दोन बटणे येतात. स्क्रीन रीडर दोन्ही वेळा फक्त बटण असे सांगतो. पडद्यावर त्यांवर जतन करा आणि रद्द करा अशी चित्रे आहेत. या दोन्ही बटणांना नावे द्यावीत. वापरलेला स्क्रीन रीडर एनव्हीडीए, विंडोज १०, ब्राउझर क्रोम.’ एका पत्रात एका पानाचेच दोष लिहावेत, आणि ज्यामुळे काम पूर्ण थांबते ते सर्वांत वर घ्यावेत. दुरुस्ती होईपर्यंत काम चालू ठेवण्यासाठी एनव्हीडीए की आणि आर दाबून पडद्याच्या चित्रातील अक्षरे वाचून घेता येतात. विंडोज १० आणि त्यापुढे ही सोय आहे. मात्र ही पळवाट आहे, तिच्यावर रोजचे काम सोपवू नये.

कायद्याचा आधार पत्रात जरूर द्यावा. २०१६ च्या अधिनियमाचे कलम २० प्रत्येक शासकीय आस्थापनेला दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी वाजवी सोयी आणि योग्य वातावरण देण्यास बांधून घेते. नोकरीत असताना दृष्टी गेली तर त्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. कलम २३ नुसार शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे, आणि कलम २१ नुसार समान संधी धोरण खासगी आस्थापनांनाही जाहीर करावे लागते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेची मानके केवळ शिफारशी म्हणून ठेवणारा या अधिनियमाखालील नियमांतल्या नियम १५ चा भाग अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके करण्यास केंद्र शासनाला सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला; ते प्रकरण डोळे मिचकवण्यासारख्या अटींमुळे अडणाऱ्या ई-केवायसीचेच होते. कार्यालयात दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

नवे सॉफ्टवेअर घेताना तर हा सगळा खटाटोप टाळता येतो. पतसंस्था किंवा बाजार समिती ज्या दिवशी दरपत्रक मागवते त्याच दिवशी त्यात दोन अटी घालाव्यात: सॉफ्टवेअर सुलभतेचे भारतीय मानक आयएस १७८०२ आणि डब्ल्यूसीएजी २.१ च्या एए पातळीला उतरले पाहिजे, आणि अंतिम देयकाआधी एका दृष्टिबाधित व्यक्तीने त्यावर तीन रोजची कामे पूर्ण करून दाखवली पाहिजेत. पैसे हातात असेपर्यंत पुरवठादार ऐकतो.

वीज, नेटवर्क आणि अपडेट

वीज गेली की डेस्कटॉप बंद पडतो आणि अर्धवट नोंद जाते. शक्य असेल तर या कर्मचाऱ्याला लॅपटॉप द्यावा किंवा यूपीएस चालू स्थितीत ठेवावा. नेटवर्क मंद असताना पान उघडते आहे की अडकले आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळत नाही, म्हणून एनव्हीडीए की आणि टी दाबून खिडकीचे शीर्षक ऐकण्याची सवय ठेवावी. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. हेडफोनसारख्या सहायक साधनांची मागणी त्यातून करून पाहावी.

नागपूर किंवा अमरावतीहून प्रशिक्षक बोलावणे नेहमी जमत नाही. एनव्हीडीएच्या २०२५.१ पासूनच्या आवृत्तीत दूरस्थ मदतीची सोय अंगभूत आहे. दोन्ही संगणकांवर एनव्हीडीए चालू असेल तर जाणकार व्यक्ती आपल्या गावाहून इकडचा संगणक ऐकून चालवू शकते. ही जोडणी ओळखीच्या व्यक्तीसोबतच, कार्यालयप्रमुखाच्या परवानगीने करावी, आणि त्या वेळी बँकेची किंवा कोषागाराची पाने बंद ठेवावीत.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तपासणी नव्याने करावी लागते. काल नीट बोलणारे बटण अपडेटनंतर मुके झाल्याचे अनेकदा आढळते, आणि मार्चअखेरच्या घाईत ते लक्षात आले तर मोठा खोळंबा होतो. संगणक चालकाने अपडेट चढवण्यापूर्वी कर्मचाऱ्याला सांगावे, शक्य असल्यास आधी दुसऱ्या संगणकावर चढवून रोजचे एक काम माऊसशिवाय करून पाहावे, आणि एनव्हीडीएची चालती आवृत्ती पेनड्राइव्हवर जपून ठेवावी. तपासणीची वही टेबलाच्या खणात असावी. तिच्यात तारीख, पानाचे नाव, दोष आणि कळवल्याचा जावक क्रमांक एवढे चार रकाने पुरतात, आणि कर्मचाऱ्याला ती ऐकता यावी म्हणून तीच नोंद एक्सेलमध्येही ठेवावी.